होडी जिथं जात नाही
(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



थायलंडला जाऊन आले असं सांगितलं की लोक बहुधा दोनच प्रश्न विचारतात. खरेदी काय केली? आणि शाकाहारी जेवण मिळालं का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण आज मी बोलणार आहे ते तिथं होडीत काढलेल्या एका दिवसाबद्दल. सकाळी नऊला निघायचं, चार-पाच बेटं बघायची, मध्ये पाण्यात उतरून, तोंड खाली घालून समुद्राचा तळ पाहायचा आणि चारच्या सुमारास परत यायचं. तळ पाहण्याच्या या प्रकाराला स्नॉर्केलिंग म्हणतात. अशा सहली आता जगातल्या बहुतेक सगळ्या उष्ण किनाऱ्यांवर निघतात. अंदमानात निघतात, आपल्या मालवणातही होड्या माणसांना घेऊन पोवळं दाखवायला जातात. जाहिरातीत निळं पाणी आणि रंगीत मासे असतात. ते खरंच असतात, त्यात फसवणूक नाही. पण ते अजून तिथं का आहेत, हे जाहिरातीत लिहिलेलं नसतं. मला त्याविषयी सांगायचं आहे.

आम्ही गेलो होतो दक्षिण थायलंडमधल्या क्राबीला, २०२४च्या फेब्रुवारीत. हा किनारा अंदमान समुद्राचा. नकाशा उघडलात तर याच समुद्राच्या पश्चिम अंगाला आपली अंदमान-निकोबार बेटं दिसतील. पाऊसही आपलाच, नैऋत्येचा. मे ते ऑक्टोबर समुद्र खवळलेला, नोव्हेंबर ते एप्रिल शांत. त्यामुळे होडीच्या सहलीला जायचं तर हिवाळ्यात किंवा फार तर मार्चपर्यंत.

आमच्या बरोबर माझ्या नणंद होत्या. वन्सं सहासष्ट वर्षांच्या. आमचं सासर मालवणजवळ देवबागचं. दारातून समुद्र दिसतो. सासरे रापणीवर जायचे, म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढून मासे धरणाऱ्या गटात. पण घरातल्या मुलींना कुणी पाण्यात घातलं नाही. वन्संनी मासे निवडले, सुकवले, बाजारात नेऊन विकले, पण गुडघ्यापलीकडे समुद्रात त्या कधी गेल्या नाहीत. मीसुद्धा पुण्याची, पोहण्याच्या नावानं शून्य. तेव्हा “आपण दोघी होडीत बसू, बाकीच्यांना उतरू दे,” असं आमचं आधीच ठरलं होतं.

धक्क्यावर पहिल्यांदा नजरेत भरल्या त्या तिथल्या लांब शेपटीच्या होड्या. लाकडी, निमुळत्या, मागे मोटारीचं इंजिन आणि त्याला लांब दांडा. होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, रंगीबेरंगी रेशमी पट्टे आणि फुलांच्या माळा बांधलेल्या. होडीचं रक्षण करणारी एक देवी असते, तिचा वास नाळेत असतो, अशी तिथल्या दर्यावर्दी लोकांची श्रद्धा आहे. म्हणून नाळेवर पाय देऊन चढायचं नाही. वन्संना हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या सजवतात, नाळेची पूजा करतात. त्यांनी नाळेला हात लावून नमस्कार केला, तेव्हा तो थाई होडीवाला इतका खूश झाला, की दिवसभर त्यांना आधी हात देऊन उतरवत होता.

आमची होडी मात्र वेगवान, फायबरची. पाऊण-एक तासात पी पी नावाच्या बेटांपाशी पोचते. वाटेत समुद्रातून सरळसोट उभे राहिलेले चुनखडीचे कडे लागतात. हा दगड पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे आणि तो बनला आहे त्या काळच्या समुद्रातल्या जिवांच्या शिंपल्यांपासून आणि सांगाड्यांपासून. म्हणजे हे डोंगरही समुद्रातल्या जिवांनीच उभे केलेले.

पहिला थांबा बांबू बेटाचा. किनाऱ्यापासून थोडं अलीकडे होडी थांबली. नांगर टाकला नाही, पाण्यात आधीच बांधून ठेवलेल्या तरंगत्या बोयाला दोर अडकवला. वाटाड्या मुलगा म्हणाला, नांगर टाकला तर खाली पोवळं मोडतं. मोठमोठ्या गोल दगडांसारखं दिसणारं पोवळं वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे टोपलीएवढा गोळा आपल्या वयाचा. तो मोडायला एक नांगर आणि एक मिनिट पुरतं.

मग सामान वाटलं. डोळे आणि नाक झाकणारा काचेचा मुखवटा, तोंडात धरायची नळी आणि लाईफ जॅकेट. मुखवटा कशासाठी, हे मला तिथंच समजलं. आपला डोळा हवेत पाहण्यासाठी घडलेला आहे. डोळ्याला थेट पाणी लागलं की सगळं धूसर होतं. काचेमागे हवेचा कप्पा राहिला की पुन्हा स्वच्छ दिसतं. फक्त वस्तू आहे त्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शानं मोठी आणि पाव अंतरानं जवळ वाटते. त्यामुळे नवखा माणूस हात पुढे करतो आणि मासा हाताला लागत नाही!

याच समुद्रात मोकेन नावाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या होड्यांवर राहत आले. त्यांच्या मुलांना मुखवट्याशिवाय पाण्याखाली बारीक गोष्टी दिसतात. स्वीडनच्या ॲना गिस्लेन या संशोधिकेनं २००३ मध्ये ते मोजून दाखवलं. युरोपातल्या मुलांच्या दुप्पट बारकाई. ही मुलं पाण्याखाली बाहुली बारीक करतात आणि डोळ्याचं भिंग अधिक गोल करतात. पुढे सराव दिल्यावर युरोपातल्या मुलांनाही ते जमलं. म्हणजे ही जन्मजात जादू नव्हे, सवयीची गोष्ट.

आमच्या गटातले लोक एकेक करून उतरले. आम्ही दोघी फळीवर बसलेल्या. तेवढ्यात त्या मुलानं एक तरंगणारं कडं आणलं, मोटारीच्या ट्यूबसारखं, त्याला दोर बांधलेला. पोहता न येणाऱ्यांनी जॅकेट घालून ते धरायचं, ओढायचं काम तो करणार. मी म्हटलं, “वन्सं, नको. तुमचं ब्लडप्रेशर आहे.” डॉक्टरांना विचारून आलो होतो, गोळी घेतली होती, तरी मला धास्ती होतीच. या प्रकारात माणूस तोंड खाली घालूनच असतो, त्यामुळे कुणाला त्रास झाला तर तो ओरडत नाही, हात हलवत नाही. शांतपणे तरंगत असल्यासारखा दिसतो. म्हणूनच जोडीनं उतरायचं आणि जोडीदारावर नजर ठेवायची, असा नियम असतो. वन्संना काही झालं तर घरी काय तोंड दाखवू, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

वन्संनी पाण्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “अगो, बाबा चाळीस वर्षं या समुद्रावर गेले. मी एकदा खाली बघू नको काय?”

यावर मी काय बोलणार? दोघीही उतरलो.

पहिली दोन मिनिटं भीतीची होती. तोंडानं श्वास घ्यायचा, हे डोक्याला पटतं पण छातीला पटत नाही. नळीतून स्वतःचाच श्वास मोठ्यानं ऐकू येतो. तो मुलगा कडं धरून शांत उभा होता, घाई करत नव्हता. हळूहळू श्वास लांबला, मान सैल पडली आणि खाली पाहिलं.

काय सांगू? खाली एक गाव होतं. तपकिरी, हिरवट, जांभळी पोवळी, काही हरणाच्या शिंगांसारखी, काही कोबीसारखी. अंगावर काळे-पिवळे पट्टे असलेले लहान मासे घोळक्यानं फिरणारे. मुलांच्या चित्रपटात असतो तो नारिंगी-पांढरा मासा आपल्या झुडपासारख्या घरातून डोकावून पुन्हा आत जाणारा. निळ्या ओठांचा मोठा शिंपला, आमची सावली पडताच मिटणारा. आणि कर्र्‌-कर्र्‌ असा आवाज. तो पोपटमाशाचा. त्याची चोच पोपटासारखी. तो पोवळं खरवडून त्यावरचं शेवाळ खातो आणि पोटातून बारीक वाळू बाहेर टाकतो. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू करतो. ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर आपण फोटो काढतो, त्यातली बरीच वाळू अशी माशांच्या पोटातून आलेली असते. हे ऐकल्यावर आमच्या गटातल्या एका बाईंनी पायाखालची वाळू जरा वेगळ्या नजरेनं पाहिली.

पोवळं म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते हजारो चिमुकल्या प्राण्यांचं एकत्र घर आहे. त्या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं, त्यातलं बरंचसं पोवळ्याला देतं, आणि पोवळं त्याला आसरा देतं. रंगही बराचसा या भाडेकरूचाच. जगातल्या समुद्रतळाचा एक टक्कासुद्धा भाग पोवळ्यानं व्यापलेला नाही, पण समुद्रातल्या सुमारे एक चतुर्थांश जातींचं पोट त्यावर अवलंबून आहे.

पंधरा-वीस मिनिटांनी वर आलो. मी वन्संकडे पाहिलं. त्यांनी मुखवटा काढला. काही बोलेनात. मग म्हणाल्या, “आपल्या देवबागेसमोर पण खाली असंच काही असेल काय गो?” या प्रश्नाकडे मी शेवटी येणार आहे.

पुढे पी पी ले नावाचं बेट लागलं. तिथं वस्ती नाही. कड्याच्या पोटात एक मोठी गुहा आहे, आत बांबूच्या उंच शिड्या दिसतात. पाकोळीच्या जातीचे पक्षी लाळेपासून घरटी बांधतात आणि चिनी लोक त्यांचं सूप करतात. ती घरटी काढणारे या शिड्यांवर चढतात. होडी तिथं थांबत नाही, लांबूनच दाखवतात. मग कड्यांनी वेढलेलं पिले नावाचं हिरवं सरोवरासारखं पाणी. आणि त्यानंतर माया बे.

माया बे ही एक लहानशी खाडी. तिन्ही बाजूंनी उंच कडे, मध्ये पांढरा किनारा. १९९९ मध्ये ‘द बीच’ या हॉलिवुडच्या चित्रपटाचं चित्रीकरण इथं झालं, २००० मध्ये तो पडद्यावर आला आणि जगभरातून माणसं लोटली. पुढे पुढे दिवसाला पाच हजारांच्या आसपास माणसं या चिमुकल्या किनाऱ्यावर उतरत होती. होड्या थेट वाळूला लागायच्या. नांगर, पंखे, इंजिनाचं तेल, अंगाला चोपडलेली क्रीम, पोवळ्यावर उभे राहणारे पाय. खाडीतलं बहुतेक पोवळं मेलं.

मग १ जून २०१८ला थायलंड सरकारनं ती खाडी बंद केली. आधी चार महिन्यांसाठी, मग मुदत वाढवत वाढवत पार २०२१च्या अखेरपर्यंत. विचार करा, ज्या जागेच्या नावावर आख्ख्या जिल्ह्यातले होडीवाले, हॉटेलवाले पोट भरत होते, तीच जागा बंद. नाराजी झालीच. त्या काळात संशोधकांनी आणि वनरक्षकांनी पोवळ्याचे हजारो तुकडे पुन्हा रुजवले. बंद झाल्यावर काही महिन्यांतच परांची टोकं काळी असलेले लहान शार्क खाडीत परत दिसू लागले.

जानेवारी २०२२मध्ये खाडी पुन्हा उघडली, पण वेगळ्या रीतीनं. होड्यांना खाडीत प्रवेश नाही. बेटाच्या मागच्या बाजूला तरंगता धक्का केलाय, तिथं उतरायचं, झाडीतून लाकडी वाटेनं चालत यायचं. उघडताना एका फेरीला ३७५ माणसांची मर्यादा घातली. पोहायला बंदी. दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये खाडी पूर्ण बंद. आम्ही गेलो तेव्हा पाण्यात फार तर गुडघ्यापर्यंत जाता येत होतं, पुढे गेलं की रक्षक शिट्टी वाजवायचा.

आमच्या गटातले एक गृहस्थ कुरकुरले, “एवढे पैसे भरून आलो आणि पाण्यात जाऊ देत नाहीत!” तेवढ्यात वन्संनी माझा दंड धरला. “अगो, ही तर मोरी!” दोन-अडीच फुटांचा छोटा शार्क, काळ्या टोकाचा, घोट्याएवढ्या पाण्यातून किनाऱ्याला समांतर निवांत चालला होता. पाठोपाठ आणखी दोन. आमच्याकडे मोरी म्हटलं की पातेलं आठवतं. जिवंत, आपल्या मर्जीनं फिरणारी मोरी वन्संनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. ते गृहस्थही गप्प झाले आणि मोबाईल काढून बघत उभे राहिले. आपण पाण्यात असतो तर ती तिथं आली नसती, हे कुणी समजावून सांगायची गरजच उरली नाही. संपूर्ण सहलीत सगळ्यांत सुंदर मला हीच जागा वाटली, आणि ती होडी जिथं जात नाही ती जागा होती.

दुपारचं जेवण शेजारच्या पी पी डॉन बेटावर. भात, भाज्या, नूडल्स, सगळं मिळालं. हे बेट म्हणजे दोन डोंगर आणि त्यांना जोडणारी वाळूची अरुंद पट्टी. दोन्ही बाजूंना समुद्र आणि पट्टीवर बाजार. २६ डिसेंबर २००४च्या त्सुनामीत इथं दोन्ही बाजूंनी पाणी घुसलं आणि शेकडो माणसं गेली. आता वर पळायच्या वाटांचे फलक जागोजाग लावलेत. जेवायला बसण्याआधी आम्ही ते नीट पाहून ठेवले.

हे झालं माणसांच्या गर्दीबद्दल. गर्दी आवरता येते. दोर बांधा, संख्या ठरवा, दोन महिने बंद ठेवा. थायलंडनं ऑगस्ट २०२१पासून राष्ट्रीय उद्यानांत पोवळ्याला घातक अशी चार रसायनं असलेल्या सनस्क्रीनवर बंदी घातली, दंड एक लाख बाथपर्यंत. वन्संनी आणि मी सरळ पूर्ण बाह्यांचे सुती झगे घातले, क्रीमचा प्रश्नच मिटला. पण दुसरं संकट दोरानं अडत नाही. समुद्राचं पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशानं जास्त तापलं आणि चार-सहा आठवडे तसंच राहिलं, की पोवळं आपल्या अंगातल्या शैवालाला बाहेर काढतं. रंग जातो, पांढरा सांगाडा दिसू लागतो. पाणी लवकर निवलं तर पोवळं सावरतं. नाही तर उपाशी मरतं. या समुद्रात २०१० मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं, आणि २०११च्या जानेवारीत थायलंडनं पाणबुड्यांची काही ठिकाणं बंद केली. आम्ही परत आल्यावर दोनच महिन्यांनी, १५ एप्रिल २०२४ला, पोवळं पांढरं पडण्याची जगभरातली चौथी लाट आल्याचं शास्त्रज्ञांनी जाहीर केलं. मी वन्संना फोनवर सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, “आपण बघितलं ते बरं झालं. पण बघून झालं म्हणून सोडून द्यायचं काय?”

इथं मी त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. देवबागेसमोर खाली काय आहे? मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूच्या खडकांवर पोवळं आहे. १९८७ मध्ये मालवणचं सागरी अभयारण्य जाहीर झालं, सुमारे २९ चौरस किलोमीटरचं. मच्छीमारांचा त्याला विरोध झाला, आणि त्यामागे पोटाची खरी भीती होती. पुढे स्नॉर्केलिंग आलं, आणि गावातल्या कितीतरी पोरांना त्यावर काम मिळालं. जी पोरं कामधंद्यासाठी मुंबईला गेली असती ती गावात राहिली. ही मोठी गोष्ट आहे. पण पोवळं संपलं तर तो धंदाही संपेल, हे माया बेनं दाखवून दिलंय. तिथं साडेतीन वर्षं धंदा बुडवून जागा वाचवावी लागली. आपण तितकं थांबायला हवंच असं नाही. बोयाला होडी बांधली, नांगर टाकला नाही, एका वेळी माणसं मोजून उतरवली, तर खर्च थोडा आहे.

आणि हे फक्त होडीवाल्यांच्या हातात नाही. तुम्ही कुठंही अशा सहलीला जाल, मालवणला, अंदमानला किंवा आणखी दूर, तेव्हा काही गोष्टी सांभाळा. तब्येतीचं डॉक्टरांना विचारा. जॅकेट घाला आणि जोडीनं उतरा. दम लागला तर कडं धरा, जॅकेटवर तरंगा, पण पोवळ्यावर उभे राहू नका. पोवळं कापतंही आणि मोडतंही. माशांना पाव टाकू नका. आमच्याच होडीतल्या एकानं टाकला, दोन मिनिटं झुंबड उडाली, फोटो छान आले. पण पावावर पोट भरलेला मासा शेवाळ खायला जात नाही आणि शेवाळ माजलं की पोवळं गुदमरतं. शिंपला, पोवळ्याचा तुकडा पिशवीत घालू नका. आणि वाटाड्या “इथं जायचं नाही” म्हणाला, तर पैसे मोजल्याची आठवण त्याला करून देऊ नका. आपण पैसे मोजतो ते त्या न जाण्याचेही असतात.

मे महिन्यात वन्सं देवबागला गेल्या होत्या. भाच्याच्या होडीतून किल्ल्याजवळ जाऊन त्यांनी पाण्यात तोंड घातलं. पाणी थायलंडइतकं स्वच्छ नव्हतं, पण एक पिवळा पट्टेरी मासा आणि थोडं पोवळं दिसलं. त्यांनी भाच्याला पहिला प्रश्न विचारला तो हा, की होडी कशाला बांधलीस? नांगर टाकला होता. त्या होडीवर आता बोया बसवायची खटपट चालू आहे.